उन्हाळ्यातल्या दंडांविषयी चिरंजीवास पत्र

सोलापूर,
चैत्र वद्य पक्ष

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वैशाखात आत्याकडच्या लग्नाला तू नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन, दोघा-तिघा मित्रांसह पुण्याहून येणार आहेस, असे तुझ्या आईकडून कळले. आनंद वाटला. तू गाडी जपून चालवतोस हे मला ठाऊक आहे, त्यामुळे वेगमर्यादा आणि सिग्नल यांविषयी मी काही लिहीत नाही. परंतु कोर्टाच्या कचेरीत नोकरी केल्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली आहे. उन्हाळ्यात दंड भरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कायदा मोडायला निघालेले नसतात, ते ऊन चुकवायला निघालेले असतात आणि त्या नादात ज्याचे नावही कधी ऐकलेले नाही अशा एखाद्या कलमात सापडतात.

पहिली गोष्ट गाडीच्या काचांची. फोटोत मागच्या दारांच्या काचा चांगल्याच काळ्या दिसल्या, म्हणजे आधीच्या मालकाने फिल्म लावलेली असणार. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निकालानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि तोही कारखान्यातून निघालेल्या काचेतूनच. वरून चिकटवलेली काळी फिल्म कितीही फिकट असली तरी चालत नाही. पुढे केंद्रीय नियमांत बदल झाले आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रमाणात बसणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला, हे तू मला सांगशील. ते खरे आहे. पण टेंभुर्णीच्या नाक्यावर भर दुपारी हवालदाराला केरळचा निकाल समजावून सांगण्यापेक्षा पुण्यातच फिल्म काढून टाकलेली बरी. जाळीचे पडदे आणि खिडकीत अडकवलेले टॉवेल यांनाही मी त्याच मापाने मोजतो. गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून उन्हासाठीचा चंदेरी पडदा लावायला हरकत नाही, मात्र गाडी सुरू करण्याआधी तो काढायचा.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. रस्त्याकडेला रसवंतीचे घुंगरू वाजताना ऐकू आले की गाडी थांबते, एसी चालू राहावा म्हणून इंजिनही चालूच राहते, मागे म्हातारी माणसे किंवा मुले बसलेली असतात आणि चालवणारा मात्र आले-लिंबू घातलेल्या रसाचा ग्लास हातात घेऊन चरकापाशी उभा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस तरी बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक तरी लावलेला हवा. स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नसली की कलम १७७ लागते, म्हणजे पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढे पंधराशेपर्यंत. रक्कम मोठी नाही, पण चालू गाडीत मागे राहिलेल्या पोराने गिअरला हात घातला तर काय होईल, याचा विचार कर. परवाना असलेल्या एखाद्या मित्राला चालकाच्या जागेवर बसव, नाहीतर इंजिन बंद करून सगळेच उतरा.

सावलीचेही असेच आहे. सात रस्त्यापासून होटगी रस्त्यापर्यंत कडुनिंबाची जरा दाट सावली दिसली की तिच्याखाली गाड्यांची रांग लागते, मग ते वळण असो की पदपथ. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करणे कलम १२२ मध्ये बसते आणि ती उचलून नेण्याचा अधिकारही पोलिसांना आहे. उचलून नेलेली गाडी सोडवायला जितके उन्हात उभे राहावे लागते, त्याच्या निम्मे तरी ऊन त्या सावलीने वाचवले असेल का, देव जाणे.

इथे आल्यावर तू माझी दुचाकी घेशील. उकडते म्हणून हेल्मेटचा पट्टा मोकळा सोडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. परंतु कलम १२९ हेल्मेट पट्ट्याने नीट बांधलेले असावे असे सांगते, आणि कलम १९४-ड मध्ये हजार रुपयांचा दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. पायातल्या चपलेसाठी मात्र घाबरू नकोस. चप्पल, लुंगी किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट यांसाठी पावती फाडण्याची तरतूद कायद्यात नाही, असा खुलासा नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच केला होता.

आत्याचा धाकटा सुट्टीत गाडीच्या किल्लीमागे लागेल. तो अजून सोळाचाही नाही. त्याने कितीही गळ घातली तरी किल्ली द्यायची नाही, कारण कलम १९९-अ मध्ये शिक्षा मुलापुरती राहत नाही, पालकाला किंवा गाडीच्या मालकालाही आहे : पंचवीस हजार रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. तुझ्या मामांनी वऱ्हाड टेम्पोतून न्यायचा बेत मांडला होता, तो मी कालच मोडून काढला. मालवाहू गाडीतून माणसे नेणे परवान्याच्या अटींचा भंग ठरतो, त्याला दहा हजारांचा दंड आहे, आणि वाटेत काही झाले तर विमा कंपनी हात वर करते, ते वेगळेच. मामा दोन दिवस बोलणार नाहीत, चालेल.

मित्रांना नन्नजला काळवीट दाखवण्याचा तुझा बेत चांगला आहे. पण १९७९ मध्ये घोषित झालेले ते माळढोक अभयारण्य आहे, सहलीचे माळरान नव्हे. वनखात्याची परवानगी घेऊनच आत जा आणि तिथे चहासाठीसुद्धा चूल पेटवू नका, सिगारेट ओढू नका. या दिवसांत तिथले गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने मैलभर माळ पेटतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. घरीदेखील अंगणातला पाला पेटवणे मी बंद केले आहे, कारण राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजारांचा दंड ठरवला. आता सगळा पाला खड्ड्यात जातो, आणि तुझ्या आईची मोगऱ्याची झाडे त्यावर खूश आहेत.

शेवटचे म्हणजे, प्रवासानंतर व्हॉट्सॲपवर दंडाचा संदेश आणि सोबत एखादी एपीके फाइल (म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नकोस. तिच्यातून बँकेच्या खात्यावर डल्ला मारला जातो. खरे चलन परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते. आधीच्या मालकाची काही थकलेली चलने निघतात का, तेही तिथेच पाहून घे. निघाली तर त्याच्याकडून भरून घेऊन मगच गाडी बाहेर काढ.

पहाटे लवकर निघालास तर ऊन तापण्याआधी पोहोचशील. इंदापूर सोडलेस की आईला फोन कर, म्हणजे ती भाकरी टाकायला घेईल.

तुझा,
बाबा