किनाऱ्यावरची मैफल पहाटे भरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या वडगावात मी मुलींना पेटी आणि गाणं शिकवते. यंदा मे महिन्यात नऊ जणींना घेऊन वेंगुर्ल्याजवळच्या एका किनाऱ्यावरील संगीत महोत्सवाला गेले होते. हिंडलगा, शिनोळी, आंबोली करत टेम्पो घाट उतरला आणि सावंतवाडीनंतर हवा चिकट झाली. नऊपैकी सहा जणींनी समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कार्यक्रम सहाचा होता. सत्कार आणि भाषणं आटोपून मुख्य गायिका बसल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्यात समुद्रावरून येणारे खारे वारे अजून थांबले नव्हते. मिरजेचा सुरेख तानपुरा, पण दमट हवेत तारा सारख्या उतरत होत्या आणि मागे बसलेली मुलगी दर दोन मिनिटांनी तारा जुळवायच्या मण्यांशी झटत होती. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडून सूर खाली जायचा, की तबलजी पुन्हा हातोडी उचलायचे. माइकात वारा घुमत होता तो वेगळाच. तरीही बाईंनी बागेश्री राग मांडला. संथ लयीतला विलंबित ख्याल जेमतेम रंगू लागला आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झाला.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बारापर्यंतची सूट सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं. गावातल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना झोप हवीच. बाई माइकशिवाय आणखी थोडा वेळ गायल्या. माझ्या मुली उठून थेट मंचाला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मागच्या शे-दोनशे माणसांना मात्र फक्त लाटा ऐकू आल्या. एवढ्या लांबून, खर्च करून आलेली ती माणसं उठून जाताना पाहून मला फार वाईट वाटलं.

हे पत्र लिहायचं कारण दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं आहे. सहाच्या सुमारास आम्ही वाळूवर गेलो. ओहोटी होती, लाटा दूर फुटत होत्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं आपल्या कामात होती. मी शिकवलेला तोडी राग मुलींनी म्हणायला घेतला. माइक नाही, तानपुरा नाही, मी फक्त षड्ज, म्हणजे सा, धरून बसले होते. चाळीसेक पावलांवरच्या मुलीला शब्द न् शब्द कळत होता. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे तेव्हा अगदी मंद झालेले असतात, आणि खारे वारे ऊन तापल्यावरच सुटतात. मधल्या त्या दोन-अडीच तासांत किनारा जितका शांत असतो तितका दिवसभरात पुन्हा होत नाही.

म्हणून कोकणात आणि कारवारकडे उन्हाळी महोत्सव भरवणाऱ्या सर्वांना विनंती आहे की मुख्य मैफल सकाळी सहाला सुरू करा. दिवाळी पहाटेला आपण अंधारात उठून जातोच की. नियम मोडत नाही, आणि भैरव, तोडी, देसकार हे सकाळचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात, जे संध्याकाळच्या महोत्सवांत कधीच ऐकू येत नाहीत. मंच सुरूच्या झाडांच्या बनाला पाठ करून बांधला तर उरलासुरला वाराही आवाज श्रोत्यांकडेच नेईल. सूर्य बनामागून वर येतो, त्यामुळे वाळूवर बराच वेळ सावली असते. प्रखर दिव्यांची गरज नाही. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं उन्हाळ्यात अंड्यांतून बाहेर पडतात आणि दिव्यांच्या उजेडाने समुद्राची वाट चुकतात, तेही टळेल.

लाटा दूर राहायला सकाळी ओहोटी हवी, म्हणून तारीख ठरवताना मात्र पंचांग बघा. रापणीवरच्या एका आजोबांनी मला हिशेब सांगितला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते, आणि तिच्या सहा तास आगेमागे ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पाचनंतर पाणी पार खाली. प्रतिपदेला पावणेएकची भरती, म्हणजे ओहोटी पावणेसातला. मैफलीसाठी याहून चांगली वेळ नाही.

आम्हा बेळगावकरांना समुद्र नाही, पण गाण्याचा कान आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आमच्याच तालुक्यातल्या सुळेभावीचा. माझ्या नऊ मुलींतल्या दोघी घरी कन्नड बोलतात, आणि त्या सकाळी तोडीचा कोमल गंधार त्यांचाच सर्वांत नेमका लागला. आदल्या रात्री मुक्कामाला यायला आम्ही तयार आहोत. नऊला मैफल संपली तर दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं आणि रात्रीचा घाट चुकतो. पुढच्या उन्हाळ्यात कुणी अशी मैफल ठरवली तर काळी चार पट्टीला लावलेले दोन तानपुरे आणि ते धरायला चार मुली मी वडगावहून घेऊन येईन.

आपली,
एक संगीतशिक्षिका
वडगाव, बेळगाव