गोडाऊनच तर आहे म्हणे!

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्याकडचं कापसाचं जुनं गोडाऊन पाडून तिथे पार्किंग करणार आहेत असं ऐकून राहिलो, आणि ज्याला विचारावं तो म्हणते, जाऊ द्या ना भाऊ, गोडाऊनच तर आहे, वाडा थोडीच आहे. म्हणून हे पत्र.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी आत गेलो होतो, बाहेर पारा ४५ च्या वर आणि आत शर्ट सुकला! कूलर नाही, पंखा नाही, नुसत्या हात-दीड हात जाड विटांच्या चुन्यातल्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि कौलांच्या लगेच खाली झरोके, गरम हवा वर चढते न् तिथूनच निघून जाते. खाली एकही खिडकी नाही. ती कंजूषी नाही बरं, रुईच्या गाठीत ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसत राहते, बाहेरून पत्ताच लागत नाही, म्हणून खिडक्या नाहीत, दारं लोखंडी आणि दोन खणांमधली भिंत थेट छपराच्या वर काढलेली, म्हणजे एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये. जोतं गाडीच्या उंचीचं, गाठ नुसती ढकलायची, पावणेदोनशे किलोचं धूड कोण उचलते बाप्पा!

आमचे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. नागपूरला रेल्वे आली १८६७ ला, कापूस आजूबाजूलाच पिकते, म्हणून जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती मिल इथे सुरू केली. आपल्याकडची कोरडी हवा सुताची दुश्मन, तटातट तुटते, तर टाटांनी त्या काळात हवेत ओलावा सोडणारे ह्युमिडिफायर बसवले होते, आग लागली तर पाणी फवारणारे स्प्रिंकलरही. २००२ ला मिल बंद झाली, आता तिथे मॉल आहे, नातवाला पणजोबा कुठे कामाला होते ते मी मॉलकडे बोट करून दाखवतो.

हे गोडाऊन वाचलं तर उत्तमच. नाहीच वाचलं तर हातोडा पडायच्या आधी व्हीएनआयटी या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या आर्किटेक्चरच्या पोरांना आठ दिवस आत सोडा, भिंती, छपराच्या कैच्या, झरोके सगळं मोजू द्या, आणि ते बिडाचे खांब भंगारात किलोवर नका विकू. माझ्या साळ्याने नवं टिनाचं गोडाऊन बांधलं, एप्रिल लागला की दुपारी हमाल आत पाय ठेवत नाहीत.

एक वाचक, गांधीसागर, नागपूर