कित्ता

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा सावकाश. ‘पोरगं हाताबाहेर चाललंय’ हे वाक्य तू तीन ठिकाणी लिहिलंयस, आणि तिसऱ्या वेळी पेन इतकं दाबलंयस की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली आहेत. बारा वर्षांचा मुलगा, दप्तर दारातच टाकलेलं, अंथरूण तसंच, आजीने हाक मारली तर ‘काय आहे?’ एवढंच उत्तर. आणि शेवटी तुझा प्रश्न: वसतिगृहात ठेवू का? तिथे तरी वळण लागेल.

नको ठेवूस. निदान या रागात तरी नको. घंटेवर उठणं, रांगेत उभं राहणं तो तिथे शिकेलही. पण आजीशी कसं बोलायचं हे आजीपासून लांब राहून कसं शिकणार? आणि तुझ्या पत्रात खरं दुखणं तर तेच आहे.

आमच्याकडे सगळं सुरळीत आहे म्हणून मी हे सांगत नाही. थोरला नऊ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला एकदा मारलंय. कपाटाची काच फुटली होती आणि तो ‘मी नाही फोडली’ म्हणाला. खोटं बोलला याचा मला राग आला आणि हात उठला. त्यानंतर तो खोटं बोलायचा थांबला नाही, फक्त जास्त नीट बोलायला लागला. वस्तू फुटली की तुकडे कुठे लपवायचे, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, याचा तो विचार करायला लागला. माझ्या एका थपडेने त्याला एवढंच शिकवलं. स्वीडनने १९७९ साली कायदा करून घरातही मुलांना मारायला बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते अति वाटलं होतं. आता वाटत नाही.

तू ‘वळण’ हा शब्द लिहिलास आणि मी त्याच्यापाशीच अडकलो. आपण अक्षराला वळण म्हणतो आणि मुलालाही वळण म्हणतो. आठव, अक्षराला वळण कसं लागलं? समोर कित्ता असायचा. वरच्या ओळीत सुरेख अक्षर, खाली रिकाम्या ओळी. वरचं बघायचं आणि खाली गिरवायचं. ‘नीट काढ’ असं कितीही ओरडून सांगितलं तरी वरची ओळच वेडीवाकडी असती तर आपलं अक्षर कसं आलं असतं? आपली मुलं आपल्याला गिरवत असतात. आपण काय सांगतो ते फार कमी, आपण काय करतो ते जवळजवळ सगळं.

हे मला कुणी सांगून कळलं नाही. धाकटी चार वर्षांची असताना एका दुपारी बाहुलीला समोर बसवून खेळत होती. कानाला खेळण्यातला फोन, भुवया चढलेल्या, आणि तोंडात, ‘तुम्हाला एकदा सांगून कळत नाही का? वरच्या माणसाला द्या फोन!’ शब्द माझे होते. आवाजाची चढउतारसुद्धा माझीच होती. आदल्या आठवड्यात मी फोनवर कुणाला तरी असंच फैलावर घेतलं होतं आणि ती तेव्हा शेजारी चित्र काढत बसली होती. मान वर करून तिने बघितलंसुद्धा नव्हतं. अल्बर्ट बंदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली असाच एक प्रयोग केला होता. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बुकलताना, तिच्यावर ओरडताना लहान मुलांना दाखवलं. मग मुलांना त्या बाहुलीजवळ सोडलं तर अनेक मुलांनी तेच फटके मारले, तेच शब्द उच्चारले. त्या दुपारी माझ्या घरात वेगळं काय झालं होतं?

म्हणून आदराबद्दल तुला एक विचारतो, रागावू नकोस. तो आजीला ‘काय आहे?’ म्हणतो. तू आईशी कसा बोलतोस? तिने तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की तुझं तोंड कसं होतं? वहिनींशी बोलताना, दारात सामान घेऊन आलेल्या माणसाशी बोलताना, आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलताना? आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण दुसऱ्यांच्या मुलांबद्दल फार सहज म्हणतो. मी त्या दिवसापासून दोनच गोष्टी बदलल्या. मुलांना हाक मारून झाल्यावर ती येईपर्यंत थांबतो, ओरडत नाही. आणि माझं चुकलं तर त्यांची माफी मागतो. पहिल्यांदा थोरल्याला ‘त्या दिवशी मारलं ते माझं चुकलं’ म्हणालो तेव्हा जीभ जड झाली होती. इतक्या दिवसांनी काय काढायचं, असंही वाटलं. तो काहीच बोलला नाही. रात्री उशिरा येऊन म्हणाला, ‘बाबा, ती काच मीच फोडली होती.’

आता शिस्तीबद्दल. इथे माझं चुकलं ते मला फार उशिरा कळलं.

मुलांसमोर गोड खाऊ ठेवून ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगायचा तो प्रयोग तुला ठाऊक असेल. स्टॅनफर्डच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाअखेरीस तो सुरू केला. जी मुलं थांबली ती पुढे सरस ठरली, म्हणून संयम हाच खरा गुण, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली अधिक मुलांवर तपासलं तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो संबंध बराच फिका पडला. पण मला जास्त लागला तो दुसराच प्रयोग. तो रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. खाऊ समोर ठेवण्याआधी त्यांनी मुलांना चित्र काढायला झिजके खडू दिले आणि ‘थांब, मी चांगले आणते’ असं सांगितलं. अर्ध्या मुलांना खरंच चांगले खडू आणून दिले. उरलेल्यांना येऊन सांगितलं, ‘माफ कर, नाहीयेत माझ्याकडे.’ मग चिकटचित्रांच्या बाबतीत पुन्हा तसंच. आणि त्यानंतर खाऊ ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा भ्रमनिरास झाला होता ती ३ मिनिटं. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली, दुसऱ्या गटातलं एकच.

मित्रा, त्या मुलांत संयमाची कमतरता नव्हती. थांबून काही मिळत नाही, हे ती दोन अनुभवांत शिकली होती. आणि मी माझ्या मुलांना असे किती अनुभव दिले होते! ‘रविवारी नक्की जाऊ.’ ‘हे एवढं काम झालं की खेळू.’ ‘पुन्हा असं केलंस तर बघ, महिनाभर खेळायला सोडणार नाही.’ रविवारी कुणीतरी यायचं, काम संपायचं नाही, आणि महिनाभराची शिक्षा दुसऱ्या संध्याकाळी विरून जायची. वचनही पोकळ आणि धमकीही पोकळ. मग माझं बोलणं त्याने मनावर घ्यावं तरी का? आता मी कमी बोलतो. जे जमणार नाही ते कबूल करत नाही, जे करणार नाही त्याची धमकी देत नाही. नियम तीनच ठेवलेत, पण ते माझा दिवस वाईट गेला म्हणून कडक होत नाहीत आणि पाहुणे आले म्हणून सैलही होत नाहीत. सांडलं तर पुसायचं. फुटलं तर सांगायचं, सांगितल्यावर ओरडा बसणार नाही. झोपायची वेळ ती झोपायची वेळ, मोबाइल आमच्याही हातातून खाली. पहिले दोन आठवडे फार जड गेले. मुलं रोज ताणून बघतात की हे खरं आहे का. ती उद्धट असतात म्हणून नव्हे, त्यांना खात्री करून घ्यायची असते.

राहिले कष्ट. ‘याला काडी इकडची तिकडे करायला नको’ असं तू लिहिलंस. तो दीड-दोन वर्षांचा असताना मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? वहिनी फरशी पुसत होत्या आणि हा एक ओलं फडकं घेऊन त्यांच्यामागे सरकत होता. फडक्यापेक्षा पाणी जास्त. पुसलेलं सगळं पुन्हा ओलं. तू त्याला उचललंस आणि खेळण्यांपाशी नेऊन बसवलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, माझ्या घरी केलंही. वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन संशोधकांनी २००६ साली दाखवलं की अठरा महिन्यांची बाळंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून चिमटा पडला तर उचलून देतात, हात भरलेले असले तर कपाटाचं दार उघडून देतात. कुणी सांगत नाही, शाबासकी नाही, बक्षीस नाही. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल खेळणी बक्षीस दिली तर बाळांची पुढची मदत कमी होते. म्हणजे काम करायची हौस मूल बरोबर घेऊनच येतं. तेव्हा आपल्याला घाई असते. ‘जा बाळा खेळ, मी करतो’ म्हणून आपण त्याला दहा वर्षं बाजूला बसवतो आणि बाराव्या वर्षी विचारतो, तू काहीच कसं करत नाहीस?

दहा वर्षं गेली म्हणून सगळं गेलं असं मात्र नाही. थोरल्याच्या सायकलची चेन उतरली त्या संध्याकाळचं सांगतो. नेहमी मीच चढवायचो, दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी म्हटलं, ‘तू चढव, मी बसतो इथे.’ हात पाठीमागे धरून बसलो. त्याने आधी पुढच्या दात्यांवर ओढून बसवायचा प्रयत्न केला, चेन मागून निसटली. मागची बसवली, तर पुढची पोहोचेना. पाचव्यांदा निसटल्यावर त्याने सायकल ढकलून दिली आणि ‘मला नाही जमत’ म्हणाला. माझा हात पुढे झालाच होता, तो मी आवरला. बराच वेळ तो नुसता बसून राहिला. मग वाकून बघायला लागला, पेडल फिरवलं की मागचं चाक कसं फिरतं, चेन कुठून कुठे जाते. नंतर मागची बाजू नीट बसवली, पुढे चेन दोन-तीन दात्यांवर नुसती टेकवली, एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पेडल हळू फिरवलं. कट्‌ कट्‌ करत चेन चढली. चाळीस मिनिटं लागली. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर काळा पट्टा. ‘हुशार आहेस’ असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी म्हटलं, ‘पाच वेळा निसटली तरी सोडलं नाहीस. आणि मागची आधी बसवायची हे कसं सुचलं?’ मग तो दहा मिनिटं सांगतच होता. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड काम टाळतात आणि अपयश आलं की लवकर खचतात, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहतात, हे म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून मांडलं होतं. पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही. मी फक्त जे डोळ्यांनी पाहिलं ते बोललो.

तेव्हा तुझ्या मुलाला घरातलं एक काम दे, खोटं-खोटं नको, खरं दे. जे त्याने केलं नाही तर कुणाचं तरी अडेल असं. त्याने ते वाईट केलं तरी त्याच्यामागून जाऊन तू ते पुन्हा करू नकोस. हे तुला सगळ्यात कठीण जाईल, मी तुला ओळखतो. शाळेतही तुझ्या वहीत खाडाखोड चालायची नाही. त्याच्या कामाचे पैसे देऊ नकोस, शिक्षा म्हणूनही काम देऊ नकोस. शिक्षा म्हणून दिलेल्या कामाचा मूल जन्मभर तिटकारा करतं. आणि पहिले काही दिवस त्याच्याबरोबर तूही कर, बाजूला बसून मोबाइल बघू नकोस.

तो लगेच बदलेल असं मी म्हणत नाही. बाराव्या वर्षी मूल आपल्यापासून थोडं सुटायलाच बघत असतं आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. काही उलट उत्तरं येणारच. मला काळजी त्या उत्तरांची वाटत नाही. तू पत्रात लिहिलंयस, ‘गेले कित्येक दिवस आमचं धड बोलणंच नाही’, त्या ओळीची वाटते. वसतिगृहाचा अर्ज बाजूला ठेव आणि आधी तेवढं बघ.

आईला नमस्कार सांग. वहिनींनाही. तो ओरिगामीचं पुस्तक मागत होता ना मागच्या भेटीत? मी पाठवतो म्हणालो होतो आणि विसरलो. या पत्राबरोबर पाठवतोय, त्याला दे आणि उशीर झाला म्हणून काकांनी माफी मागितलीय असं सांग.

आणखी लिहायचं होतं, पण सहा वाजायला पाच मिनिटं आहेत. सहाला धाकटीबरोबर खेळायला जायचं कबूल केलंय. ती बूट घालून दारात उभी आहे.

तुझाच,
मित्र