न्यूमोनियाला नव्हे, त्या आजोबांना

प्रिय सखे,

तुझं पत्र नाइट ड्यूटीवरून आल्यावर वाचलं. केस स्टडीतल्या आजोबांबद्दल ‘न्यूमोनियाला कुठलं नर्सिंग डायग्नोसिस लावू, तेवढं सांग’ म्हणतेस. अगं, न्यूमोनियाला नाही लावायचं, त्या आजोबांना लावायचं! नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे आजाराचं नाव नव्हे, पेशंटची आपण नर्सनी ओळखलेली अडचण.

तुझ्याच नोंदी बघ. श्वास मिनिटाला २८, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९१ टक्के, कफ घट्ट, छातीत क्रेपिटेशन्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारी चरचर), खोकतात पण जोर नाही. आणि तू पहिल्या नंबरवर टाकलंस ‘इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज’, म्हणजे फुप्फुसात वायूंची देवाणघेवाण बिघडलीय. अगदीच चूक म्हणणार नाही, पण एबीजीचा, धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट कुठाय? बेचैनी, गुंगी असलं काही दिसलं का? तुझ्या कागदावर सॅच्युरेशन सोडलं तर त्या बाजूने बोलणारं फारसं काही नाही. बाकी सगळं कफाकडे बोट दाखवतंय. मी तरी ‘इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स’, म्हणजे श्वासमार्ग नीट मोकळा होत नाही, हे वर घेईन. शिवाय तिथे आपल्या हातात खूप काही आहे: टेकवून बसवणं, दीर्घ श्वास घेऊन खोकायला शिकवणं, डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर पाणी वाढवणं.

कारणाच्या जागी लिहिलेलं ‘रिलेटेड टू न्यूमोनिया’ मात्र खोड. तो डॉक्टरांचा प्रांत. घट्ट स्राव आणि थकव्यामुळे क्षीण झालेला खोकला, हे आपलं कारण. न्यूमोनिया लिहायचाच असेल तर ‘सेकंडरी टू’ म्हणून मागे जोड. पुराव्याच्या जागी, ‘अ‍ॅज एव्हिडन्स्ड बाय’नंतर, तू स्वतः पाहिलेलं, ऐकलेलंच येऊ दे.

सिनियरच्या वहीतून उतरवू नकोस हं. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईसला या नावांसाठी पहिली परिषद भरली, तेव्हापासून ‘नांदा’ची (NANDA, ही नावं ठरवणारी संस्था) यादी सुधारतच आलीय. जुन्या वहीतलं लेबल आज त्याच नावाने असेलच असं नाही.

‘रिस्क’चं, म्हणजे अजून न झालेल्या पण होऊ शकणाऱ्या अडचणीच्या डायग्नोसिसचं, म्हणशील तर माझी फजिती ऐक. सेकंड इयरला मी पू झालेल्या जखमेला ‘रिस्क फॉर इन्फेक्शन’ लावलं होतं. मॅडमनी वही घेतली, मला बेडपाशी नेलं, ड्रेसिंग उघडलं आणि शांतपणे विचारलं, “आता कसली रिस्क?” पेशंटसुद्धा हसला. जे झालंय त्याला रिस्क म्हणत नाहीत, हे तेव्हापासून पक्कं बसलंय.

आणि समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिलीयस ना, आजोबा रात्री तीनदा विचारत होते, ‘झोपलो तर श्वास बंद पडेल का?’ ती समासात का? ती ‘अँझायटी’ आहे, आणि त्यांच्याच शब्दांत सब्जेक्टिव्ह डेटात, म्हणजे पेशंटने स्वतः सांगितलेल्या नोंदीत, जायला हवी. क्रमात ती श्वासाच्या खाली येईल, पण यादीतून गळू देऊ नकोस. माझ्या मते अख्ख्या केस स्टडीत तुझं खरं निरीक्षण तेच आहे.

सबमिशन सोमवारी ना? उद्या जाशील तेव्हा कफाचा रंग आणि अंदाजे किती पडतो ते लिहून आण. नुसतं ‘घट्ट’ लिहून आलीयस.

तुझीच,
मी