नाना नापास झाले

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

गणपती झाले की फोन करतो म्हणालो होतो, आता दिवाळीही उलटली. शिव्या भेटल्यावर घाल. माझी शुगर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो, पुढे चल.

नाना नापास झाले. माझ्या परीक्षेत.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग परत द्या की परीक्षा." म्हणून तुला लिहायला बसलो.

२०२० च्या एक एप्रिलला धुराचे नवे नियम, बीएस-६, आले, कार्बोरेटर गेला आणि नानांनी गॅरेजचं शटर ओढलं, तिथवर आपण दोघं होतो. पुढे ते शोरूमच्या वर्कशॉपात नोकरीला लागले, त्यावर आपण कधी बोललो नाही. मला लाज वाटायची. तुलाही वाटत असणार.

झालं असं, की पावसाळ्यात आमच्याकडे एका स्कूटर कंपनीचं काम आलं. नवं मॉडेल शोरूमला पोचायच्या आत सगळ्या मेकॅनिकना ते शिकवायचं, तेही मोबाईलवर. पूर्वी दोन दिवस हॉटेलात बोलवायचे, बॅग द्यायचे, ग्रुप फोटो काढायचे. ते आता परवडत नाही. मी जीव ओतला रे. वर्कशॉपात कॉम्प्रेसर धडधडत असतो, म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली मजकूर. फोन उभाच धरतात, म्हणून चित्रं उभी. बटणं खाली, अंगठा पोचेल तिथे. धडा तीन मिनिटांचा, कारण चौथ्या मिनिटाला गिऱ्हाईक येतंच. भाषांतरवाल्यांनी 'इंधन अंतःक्षेपण प्रणाली' लिहून पाठवलं होतं, ते क्लायंटशी भांडून मेकॅनिकांच्या तोंडचं 'एफआय' (फ्युएल इंजेक्शन) केलं. नाना हे वाचतील तर काय म्हणतील, हाच विचार करून लिहीत होतो. ते खरंच वाचतील हे मात्र डोक्यात आलं नाही.

आणि रेंज नसली तरी चाललं पाहिजे, पोरांचा रोजचा दीड जीबी दुपारीच रिल्समध्ये संपतो, म्हणून सगळ्या फाइली हलक्या. तिथेच माती खाल्ली.

स्कॅनर हाताशी नसला तर मीटरवरचा इंजिनचा दिवा बघून बिघाड ओळखतात. लांब मिचकी दहाची, छोटी एकाची. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे कोड १२. हे मी ॲनिमेशन करून दाखवलं आणि त्यावर दहापैकी तीन प्रश्न काढले. फाइल जड झाली. एडिटर पोराला म्हटलं, दाब. त्यानं दाबली, सेकंदाला तीन फ्रेमवर आणली. छोटी मिचकी दोन फ्रेममधल्या वेळाइतकी टिकतच नाही. कुठे दोन्ही दिसतात, कुठे एक गायब. ऑफिसात पाच जणांनी तपासलं. कुणाला दिसलं नाही, कारण उत्तर आम्हाला आधीच ठाऊक होतं.

आठवड्यात निकाल आला, पडदाभर हिरवा. क्लायंटनं पेढे पाठवले. मी म्हटलं, एखाद्या वर्कशॉपात जाऊन बघून येऊ, आणि नानांचं विटा निवडलं. खरं कारण काकूंची भाकरी.

नाना वॉशिंगला उभे होते, सुध्या. हातात पाण्याचा पाइप. म्हणाले, "तीनदा फेल झालो, आता ते बंदच पडलंय. नव्या गाडीला हात लावायचा नाही म्हणतात." मग फोन काढला. काच तडकलेली, बोटं ग्रीसची, त्यामुळे टचला जुमानत नव्हती, म्हणून बोटाच्या पेरानं दाबत धडा उघडला आणि वैद्य नाडी बघतो तसं मोजायला लागले. "एक लांब. एक छोटी. अकरा. आणि हे म्हणतंय बारा." मी मोजलं. अकराच.

बाकीचे पास कसे झाले म्हणून एका पोराला विचारलं. त्यानं व्हॉट्सॲप दाखवलं. क, अ, ब, ब, क, ओळीनं दहा. ज्यानं दिवा मोजला तो एकटा नापास.

नाना हसत म्हणाले, "कुठल्या गाढवानं केलंय रे हे?" मी म्हणालो, "असेल कुणीतरी पुण्याचं." हो, असंच म्हणालो. तू लुनाच्या कार्बोरेटरचा चिमुकला जेट हरवलास (तूच हरवलास, कितीही नाही म्हण), तेव्हा त्यांनी दोघांना अंगणातली माती चहाच्या गाळणीनं चाळायला लावली होती. त्या संध्याकाळी तू जसा गप्प होतास, तसा मी उभा. मग ते हळूच म्हणाले, "का माझेच डोळे गेलेत? पुढच्या आठवड्यात सांगलीला दाखवून येतो."

नवं ॲनिमेशन चढवायला अर्धा दिवस लागतो, ते मी काल केलंही. पण जुने निकाल रद्द केले तर सगळ्यांची परीक्षा परत, आणि गाडी पंधरा दिवसांत शोरूमला. साहेब म्हणतात, निकाल राहू दे, तुझ्या नानांना आतून पास करून टाकतो. एक बटण. म्हणजे नाना पास होणार, डोळ्यांची भीती मात्र तशीच. आणि ज्या पोरांनी दिवा बघितलाच नाही, ती नव्या गाडीचा नको तो भाग बदलत बसणार. क्लायंटला मेल लिहून ठेवलाय, तीन दिवस ड्राफ्टमध्ये आहे. हे काम गेलं तर एडिटर पोराची नोकरी आधी जाईल, माझी नंतर.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

बुधवारी विट्याला जाऊन नानांना सांगणार आहे, सांगलीला जायच्या आत. एकट्याला जमेलसं वाटत नाही. कराडपर्यंत ये, तिथून मी घेतो तुला.

तुझा,
मंग्या

ता. क. आलास तर जेटचंही त्याच बैठकीत कबूल करून टाक. मला तेवढीच सोबत.