सेलरला लिहिलेलं तुझं पत्र वाचलं

प्रिय पिल्लू,
अनेक आशीर्वाद.

तिथे अमेरिकेत बीव्हर्टनच्या त्या घरासाठी ऑफरसोबत सेलरला, म्हणजे घर विकणाऱ्या आजींना, द्यायच्या पत्राचा तुझा ड्राफ्ट वाचला. "आई, नीट झालंय का बघ" म्हणालीस म्हणून सांगते, छान झालंय, माझं घर असतं तर मी डोळे झाकून तुम्हालाच दिलं असतं. पण आहे तसं पाठवू नकोस. का ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत बसले तर बोटं दुखतील म्हणून मेल करतेय, सावकाश वाच.

मला सांग, या पत्रात घर कुठंय? पहिल्या पॅरात तुमची शिक्षणं आणि नोकऱ्या, दुसऱ्यात पिंट्या, मग दिवाळीचा तो कुर्त्यातला फोटो, आणि शेवटी "नाताळच्या सकाळी आमचा मुलगा या जिन्यावरून धावत खाली येतोय असं डोळ्यांसमोर येतं". अगं हा तर स्थळाचा बायोडाटा झाला, फक्त गोत्र आणि नाडी घालायची राहिली. आणि नाताळला आपल्याकडे बेकरीतून केक आणण्यापलीकडे काय होतं गं? सेलर आजीबाई ख्रिश्चन असाव्यात, त्यांना बरं वाटावं म्हणून घातलंस, कळतं मला. गंमत म्हणजे तिथल्या रिअल्टर, म्हणजे घरांच्या एजंट लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपल्या मेंबरांना अशा पत्रांबद्दल सावध केलं तेव्हा उदाहरण जवळजवळ हेच दिलं होतं, नाताळच्या सकाळी जिन्यावरून धावणारी मुलं. एका वाक्यात दोन गोष्टी उघड होतात, तुम्हाला मुलं आहेत आणि तुमचा धर्म कोणता. तुमच्याकडे 1968 चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे, त्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून घर द्यायचं किंवा नाकारायचं नाही, पुढे 1974 ला त्यात स्त्री-पुरुष भेद आला आणि 1988 ला अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं हेही आलं. म्हणजे तू जे जे प्रेमाने लिहिलंयस त्यातलं निम्मं सेलरने बघायचंच नाहीये! बघून निर्णय घेतला तर तक्रार तुझ्यावर नाही, त्या आजींवर आणि त्यांच्या एजंटवर येणार. म्हणून तर कितीतरी एजंट लिस्टिंगमध्ये, म्हणजे घराच्या जाहिरातीतच लिहून टाकतात की पत्रं पाठवू नका.

तू म्हणशील सगळेच लिहितात, आमच्या एजंटनेच सुचवलं. लिहितात ना. एका घरावर ढीगभर ऑफर्स पडतात, सगळ्यांचे आकडे थोड्याफार फरकाने सारखेच, सेलरवर सगळ्यात मोठीच ऑफर घ्यायची सक्ती नाही, मग माणूस भावनेला हात घालतो. आणि पत्राने काम होतही असणार, मी नाही म्हणत नाही. माझं म्हणणं ते काम कशामुळे होतं त्याबद्दल आहे.

बँकेत होमलोनच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली हे तुला माहितीय. एक मुलगा होता, पगार चांगला, कागद चोख, लोन सँक्शन झालेलं. एक दिवस सँक्शन लेटर घेऊन आला, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, मॅडम, कॅन्सल करा. टोकन देऊन झालं होतं, पण फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत ओळख करून द्यायला नेलं, तिथे आडनाव विचारलं, मग घरात काय शिजतं ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी टोकन परत. वर गोड बोलून, की तुमच्यात काही वाईट नाही हो, पण आमच्या इथे सगळी आपलीच माणसं आहेत. त्याने पेन मागितलं, अर्ज लिहिला, सही केली, एकही शब्द जास्त बोलला नाही. असं आपल्याकडे उघड चालतं, मुंबईत तर मराठी माणसालाच घर नाकारल्याच्या बातम्या येतात. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2005 ला सोसायटीच्या बाजूने निकाल दिला, की फक्त पारशांनाच सभासद करायचा त्यांचा नियम चालतो.

आता तुझं पत्र परत वाच. त्यातही सेलरला तू हेच सांगतेयस की आम्ही चांगली माणसं, बघा किती तुमच्यासारखी. आजींना तुमचं कुटुंब आवडलं तर घर तुमचं, ठीक. पण त्याच ढिगात एखाद्या एकट्या बाईची ऑफर असेल, एखादी काळ्या जोडप्याची असेल, पैसे तेवढेच, फोटो मात्र आजींच्या मनात न भरणारा. आणि उलटंही होईल ना बाई, तुमचा कुर्त्यातला फोटो बघूनच कुणीतरी फाइल बाजूला सारेल आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.

त्यातून तुम्ही राहता ओरेगनमध्ये. जावईबापूंनी मागे पाठवलेलं वाचून मी जरा खोदत बसले, रिटायर्ड बाईला वेळच वेळ. त्या राज्याच्या मूळ घटनेतच लिहिलं होतं की काळ्या माणसाने इथे येऊन राहायचं नाही आणि जमीन घ्यायची नाही, ते कलम निघालं 1926 ला. आणि आपलं सांगायचं तर भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी गृहस्थ, अ‍ॅस्टोरियाच्या लाकूड गिरणीत कामाला होते, अमेरिकेच्या सैन्यातही होते, त्यांना ओरेगनमध्ये नागरिकत्व मिळालं आणि 1923 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याने गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. त्याच वर्षी ओरेगनने कायदा केला की ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी जमीन घ्यायची नाही. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता पण आपले लोकही त्यात आलेच, आणि 1949 पर्यंत तो कायदा होता. म्हणजे तेव्हा तू कितीही सुंदर पत्र लिहिलं असतंस तरी घर मिळालं नसतं.

अशी पत्रं बंद करायचा कायदा पहिल्यांदा ओरेगननेच केला तो उगीच नाही. 2021 ला पास झाला, हाऊस बिल 2550, सेलरच्या एजंटने नेहमीचे कागद सोडून पत्र, फोटो काही घ्यायचंच नाही, 2022 च्या जानेवारीपासून लागू. पण एका रिअल इस्टेट कंपनीने कोर्टात आव्हान दिलं आणि मार्चमध्ये फेडरल जजने स्थगिती दिली. हेतू चांगला आहे पण त्यात निरुपद्रवी बोलणंही बंद होतंय, हा अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला आहे असं म्हणून. पुढे राज्यानेही तो लागू न करण्याचं मान्य केलं. तेव्हा पत्र लिहिलंस तर बेकायदा नाही, निर्धास्त राहा. मला स्वतःला जजचं पटतं. "तुमच्या अंगणातलं चेरीचं झाड आम्ही तोडणार नाही" एवढं लिहायलाही बंदी कशाला?

तर लिहायचंच असेल तर घराबद्दल लिही. तू फोनवर मला काय काय सांगत होतीस, स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा तो लाकडी बाक त्यांनी हाताने केलाय, मागच्या वाफ्यात अजून टोमॅटोच्या काठ्या उभ्या आहेत. ते लिही ना! फोटो काढून टाक, पिंट्या, दिवाळी, नाताळ सगळं काढ. पाच-सहा ओळी पुरे. आणि आधी एजंटला विचारून घे की समोरची पार्टी पत्र घेते का.

पण खरी मेहनत ऑफरवर कर. प्री-क्वालिफिकेशनचा, म्हणजे लोन मिळेल अशा नुसत्या अंदाजाचा कागद कोणीही देतं, बँकेने कागद तपासून दिलेलं प्री-अप्रूव्हल जोड. अर्नेस्ट मनी, म्हणजे आपला बयाणा, जरा दणदणीत दाखव. आजींना सामान हलवायला वेळ हवा असेल तर क्लोजिंगनंतर, म्हणजे घर तुमच्या नावावर झाल्यावर, काही आठवडे त्यांनाच भाड्याने राहू द्यायची तयारी लिहून दे, म्हाताऱ्या माणसाला पत्रापेक्षा याचं जास्त अप्रूप असतं, मला विचार. आणि घाईत इन्स्पेक्शन सोडून देऊ नकोस, कोणी कितीही सांगो. तुमच्याकडच्या जुन्या घरांत जमिनीखाली हीटिंग ऑइलच्या टाक्या पुरलेल्या असतात म्हणे, गळकी निघाली तर साफसफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. टाकी आहे का ते माणूस बोलावून शोधून घ्या आणि सांडपाण्याची लाइन कॅमेरे-बिमेरे लावून बघून घ्या.

बाबा म्हणतायत आकडा अजून पाच हजारांनी वाढवा, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, त्यांना रुपये वाटतायत. नवा ड्राफ्ट उद्या पाठव, माझ्या सकाळी.

तुझी,
आई