रंग उडतो तो पॉलिशमुळे

संपादक महोदय,

गाडीच्या आतलं प्लास्टिक, व्हिनाइल (रेक्झिनसारखं मऊ आवरण) घरीच स्प्रे कॅनने रंगवायचं आणि दोन महिन्यांत पापुद्रे निघाले की कॅनला नावं ठेवायची, असं बरेच जण करतात म्हणून हे पत्र लिहितोय. मीही तेच केलं होतं. दाराचं पॅनल रंगवताना रंग पडल्या पडल्या जागोजागी गोल खळगे झाले, वर अजून रंग मारला तरी तिथे बसेचना. कारण होतं वर्षानुवर्षं चोळलेलं डॅशबोर्ड पॉलिश, त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या टेक्श्चरच्या, म्हणजे वरच्या खडबडीत नक्षीच्या, बारीक खाचांत जाऊन बसतं आणि ओल्या फडक्याने अजिबात निघत नाही.

त्यामुळे कळकळीने सांगतो, निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात घालवा. पॅनल काढून घ्या, भांड्यांच्या साबणाने ब्रश मारून घासा, चांगलं वाळवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि फडकं सारखं बदलत रहा, नाहीतर एकीकडचं पॉलिश दुसरीकडे पसरतं. रंग धरावा म्हणून करायचं कोरडं घासकाम मात्र या धुण्यानंतरच, आधी केलं तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत आत जातं. करड्या स्कॉचब्राइटने हलक्या हाताने चमक घालवली की पुरे, सँडपेपर लावला तर टेक्श्चर गेलं ते गेलं, परत येत नाही. आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन नकोच, एबीएस नावाचं कडक प्लास्टिक त्याने विरघळतं.

पॅनलच्या मागे बघा, बहुतेक वेळा प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटवून धरणारा थर, मारावाच लागतो, त्याशिवाय रंग नखानेसुद्धा निघतो. व्हिनाइलला लवचिक असा व्हिनाइलचाच रंग घ्या, साधा एनॅमल आर्मरेस्टवर हात टेकून टेकून तडकतो. हात पातळ मारा, पहिल्या हातात खालचा रंग दिसला तर दिसू दे, तीन-चार हातांत झाकला जातो, घाई केली की ओघळ येतात. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला मॅटच हवा कारण ग्लॉसचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही. काम मोकळ्या हवेत करा, तोंडाला रंगाची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लावा, धुळीचा साधा मास्क वाफ थांबवत नाही.

एअरबॅगच्या झाकणाला मात्र रंग लावू नका. एअरबॅग उघडताना ते ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं, तिथला रंग थोडा जुना दिसला तर दिसू दे.

कॅनवरच्या बारीक अक्षरात हे सगळं कोण वाचतं? तुमच्या पानावर आलं तर वाचतील, म्हणून छापावं ही विनंती.

आपला एक वाचक